कुमुदचं पुढे काय झालं

सुलक्षणा पेडणेकरच्या उजव्या अंगठ्यावरचा काळा डाग आठ वर्षांत कधी पुरता गेला नाही. लिंबू चोळून झालं, थिनर झालं, शेजारच्या मल्याळी बाईने सांगितलेलं कसलंसं तेल झालं. शेवटी तिने हात टेकले आणि मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला जाताना अंगठा मुठीत मिटून घ्यायची सवय लावून घेतली. कुठे काम करता असं कोणी विचारलंच, तर ती म्हणायची, "मी मॅगझिन्समध्ये आहे." विचारणारीला वाटायचं, बाई लिहीत असेल काहीतरी. सुलक्षणा तो समज दूर करायच्या भानगडीत पडत नसे.

तिचं काम लिहिण्याच्या बरोबर उलटं होतं. परदेशी मासिकं दुबईत विकायला आणणाऱ्या एका कंपनीच्या अल कुसैसमधल्या गोडाऊनमध्ये ती बसायची. विमानाने गठ्ठे आले की एकेक अंक उघडायचा, आणि उघडी छाती, उघडी मांडी, ओठांना ओठ असं काही दिसलं की त्यावर जाड काळा मार्कर फिरवायचा. सरकारी नियमच होता तसा. मशीनबिशीन काही नाही, सगळं हाताने. म्हणजे एका अंकातलं एक चुंबन झाकायचं, तर जितक्या प्रती आल्या तितक्या वेळा ते झाकायचं. पहिल्या आठवड्यात सुलक्षणाला लाज वाटली, दुसऱ्या आठवड्यात हसू आलं आणि महिन्याभरात काहीच वाटेनासं झालं. फ्रान्समधल्या लोकांना एकमेकांना मिठ्या मारायचा कंटाळा येत नाही आणि त्या झाकून झाकून आपला मात्र खांदा धरतो, एवढंच त्या देशाबद्दल तिचं मत होतं.

नोकरी धरली होती दोन-चार महिन्यांपुरती. नवऱ्याचं, वसंतरावांचं, अबूधाबीजवळच्या मुसफ्फात पार्टनरशिपमध्ये फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. ते चौऱ्याण्णव साली बसलं, पार्टनर रातोरात देश सोडून गेला, आणि वसंतराव शारजाच्या एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायला लागले. "आपलं पुन्हा सुरू झालं की तू पहिली नोकरी सोड," असं ते दर ईदला आणि दर दिवाळीला म्हणायचे. सुलक्षणा "इन्शाल्ला" म्हणायची आणि सकाळी कंपनीच्या मिनीबसची वाट बघत शारजातल्या रोलाच्या कोपऱ्यावर उभी राहायची. मिनीबस मुहैस्नाहच्या कॅम्पांतून निघालेल्या मजुरांच्या बसेसमागे अडकायची. त्या बसेसच्या खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली माणसं बघता बघता तिचाही डोळा लागायचा.

मासिकांच्या टेबलावर तिघी होत्या. सुलक्षणा, हैदराबादची शहनाझ आणि हर्णैजवळच्या एका गावातली बदरुन्निसा. शहनाझची जीभ तिखट. साहेब असो की सुपरवायझर, तिच्या तोंडून कोणी सुटायचं नाही. बदरुन्निसा वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची आपा. ती गल्फमध्ये आली तेव्हा तिशीही सरली नव्हती. आधी एका अरबाच्या घरी मुलं सांभाळली, मग कंपनीत लागली. लग्न जमायच्या वेळी बाप गेला, नंतर तीन भाऊ मार्गी लावता लावता ते राहूनच गेलं. गावचं घर तिच्या पैशाने दुमजली झालं होतं आणि त्यात ती आजवर सुट्टीचे चार दिवस पाहुणी म्हणून राहिली होती.

तर या टेबलावर पॅरिसहून एक साप्ताहिक यायचं. शहरातल्या लेबनीज, ट्युनिशियन बायका आणि फ्रेंच इंजिनियरांच्या बायका ते घ्यायच्या. त्यात मागच्या पानांवर फोटोंची गोष्ट असायची. चौकटीचौकटीत खरी माणसं उभी, कोणी रडतंय, कोणी दार आपटतंय, तोंडाजवळ पांढरे फुगे आणि त्यात बोलणं छापलेलं. बोलणं फ्रेंच. तिघींपैकी कोणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण तीच पानं दिवसभर शेकडो वेळा डोळ्यांखालून गेली की माणूस काहीतरी अर्थ लावणारच. अर्थ लावायचं काम आपोआप सुलक्षणाकडे आलं, कारण तिला गप्प बसून काम होत नसे.

त्या फोटोंत एक बाई नेहमी असायची. लांब मान, हनुवटीवर तीळ, डोळे असे की आत्ताच कांदा चिरून उठली असावी. सुलक्षणाने तिचं नाव कुमुद ठेवलं. या आठवड्यात कुमुद नर्स, पुढच्या आठवड्यात ऑफिसात टायपिस्ट, त्याच्या पुढच्या आठवड्यात थेट तुरुंगात. हे असं का, याचं उत्तर टेबलावरच्या कोणालाही अवघड नव्हतं. नोकरी बदलली. बाई परदेशात आली म्हणजे नोकऱ्या बदलायच्याच. मधल्या गोष्टी तुटल्यासारख्या वाटल्या तर अंक कस्टम्समध्ये अडकले असतील, ते तर खरोखरच अडकत.

एकदा का कुमुद परदेशात कामाला आलेली ठरली, की सगळ्या चौकटी उलगडायला लागल्या. कुमुद हातात बॅग घेऊन स्टेशनवर उभी: व्हिसा कॅन्सल झाला. डॉक्टर छातीला नळी लावतोय: मेडिकल चाललंय, व्हिसा रिन्यू व्हायचाय. सूटबूटवाला टेबलापलीकडून कागद सरकवतोय आणि कुमुदच्या डोळ्यांत पाणी: तो कफील, व्हिसा ज्याच्या नावावर तो, पासपोर्ट देत नाही मेला. शेवटच्या चौकटीत कोणीतरी तिला मिठीत घ्यायचाच आणि ती चौकट मार्करखाली जायची. दर वेळी बाप्या वेगळा. आपाला ते खपायचं नाही. आपाच्या मते कुमुद चांगल्या घरची होती. मग सुलक्षणा सांगायची की हा तिचा चुलतभाऊ, खूप दिवसांनी भेटला.

"कितने भाई हैं इसके?" शहनाझ मार्करचं टोपण दातांनी काढत म्हणायची. "एअरपोर्ट पे भाई, अस्पताल में भाई, जेल में बी भाई."

"असतात गो मोठी कुटुंबं," आपा म्हणायची. "आमच्यात नाहीत?"

आठ वर्षं ही कुमुद चालली. तिच्यामुळे दिवस ढकलले गेले, नाहीतर त्या गोडाऊनमध्ये होतं काय? मार्करच्या वासाने दुपारपर्यंत डोकं चढायचं. मागच्या पानावर डाग उतरू नये म्हणून पानाखाली पुठ्ठा सरकवायचा, काढायचा, पुन्हा सरकवायचा. सुपरवायझर उपेंद्र, कारवारचा, मधूनमधून येऊन "यल्ला यल्ला, बायांनो, ट्रक लागलाय" असं ओरडून जायचा. संध्याकाळी घरी गेलं की स्वयंपाक, वसंतरावांच्या वर्कशॉपच्या योजना आणि लेकीचा, शर्वाणीचा, अभ्यास. सुलक्षणा दमायची, म्हणजे नुसती दमायची नाही, तिला उद्याचंही आजच दमायला व्हायचं. पण कुमुदला आता कुठे पाठवू, हा विचार करताना तिचा हात भरभर चालायचा. आपलं थोडं थोडं तिने कुमुदला दिलं होतं. कुमुदचाही एक नवरा होता, जो आज ना उद्या धंदा काढणार होता.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात आपाला साठ पूर्ण झाली. कंपनीने सांगितलं, व्हिसा आता रिन्यू होणार नाही. महिनाअखेर खलास.

भावाचा फोन आला. ये म्हणाला, घर तुझंच आहे. आणि त्याच दमात म्हणाला, बरं झालं, हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय, धाकट्याच्या बायकोला मुलांपुढे फुरसत नाही, स्वयंपाकघराला माणूस हवंच होतं. आपाने हे दोघींना जसंच्या तसं सांगितलं. तक्रार केली नाही. पण त्या दिवसापासून ती एका पानावर मार्कर धरून बसून राहायला लागली आणि पानावर शाईचं तळं व्हायला लागलं.

"सुलू," ती एकदा जेवताना म्हणाली, "कुमुदचं पुढे काय होतं गो?"

"पुढचा अंक येईल तेव्हा बघू की."

"तसं नाही. शेवटी काय होतं? इतकी वर्षं राबली, सगळ्यांचं केलं. ती घरी जाते तेव्हा तिला बसवून दोन घास कोण वाढतं की नाही? मी जायच्या आधी मला ते सांग. खरं सांग, फ्रेंचमध्ये लिहिलंय ते."

सुलक्षणा हसली, आणि मग आपाचा चेहरा बघून तिचं हसू जिरलं. आपा थट्टा करत नव्हती. नमाज न चुकवणारी, कधी कोणाला हात दाखवायला न जाणारी ही बाई कुमुदच्या गोष्टीत स्वतःचा शकुन बघत होती. कुमुदला जे मिळेल ते आपल्याला मिळेल, असं काहीतरी तिने मनाशी धरलं होतं.

डब्यातली भाजी तशीच राहिली. आठ वर्षं आपण मनाला येईल ते ठोकून दिलं, याचं सुलक्षणाला पहिल्यांदाच दडपण आलं. पण एक आशाही होती. शेवटी फोटो तर खरे होते. अर्थ आपण आपल्या मनाचे लावले असतील, पण कुमुदची म्हणून काहीतरी हकिगत त्या फुग्यांत असणारच. ती चांगली निघाली तर आपाला छातीठोकपणे सांगता येईल. आणि घरात फ्रेंच येणारं माणूस होतं. शाळेत मराठी नव्हतंच, हिंदीत मार्क कापतात म्हणून शर्वाणीने दुसरी भाषा फ्रेंच घेतली होती.

शाई फुटून फेकायला काढलेले तीन अंक सुलक्षणाने पर्समध्ये घालून घरी आणले. शर्वाणी पलंगावर पालथी पडून फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. तिचं बोलणं संपेपर्यंत सुलक्षणा दारात उभी राहिली, जणू साहेबाच्या केबिनबाहेर.

"शरू, जरा वाचून दाखव. या बाईचं काय लिहिलंय?"

शर्वाणीने पानं चाळली. एकात बोट घालून दुसरं उघडलं. कपाळावर आठी आली. "ममा, विच लेडी? धिस वन? हिअर शी इज मोनिक. हिअर शी इज समवन एल्स."

"नाव बदललं असेल."

"नो ममा. दे आर डिफरंट स्टोरीज. एव्हरी वीक इट्स अ न्यू स्टोरी, शी इज जस्ट द मॉडेल." मग तिने पानाच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांवर नख ठेवलं. "अँड सी, दे आर प्रिंटिंग ओल्ड वन्स अगेन. धिस इज फ्रॉम नाइन्टीन सेव्हंटी-एट. शी मस्ट बी आजीज एज बाय नाऊ."

"मग तिची स्वतःची गोष्ट कुठली?"

"देअर इजंट वन. दे पोज, दे गेट पेड, दे गो होम." शर्वाणीने मान वर करून आईकडे बघितलं. "व्हाय? यू थॉट इट वॉज ऑल वन स्टोरी?"

"छे गं. कामावर कोणीतरी विचारत होतं," सुलक्षणा म्हणाली आणि अंक उचलून स्वयंपाकघरात आली. कुकर लावायचा होता. तिने तांदूळ धुतले, एकदा, पुन्हा एकदा, आणि पाणी कधीच स्वच्छ झालं होतं तरी धूत राहिली. तिला राग आला होता, पण कोणाचा ते कळेना. कुमुद तुरुंगातून सुटली तेव्हा तिघींनी मिळून खजुराचा डबा फोडला होता. आणि ती बाई फोटो काढून पैसे घेऊन चोवीस वर्षांपूर्वीच घरी गेली होती.

"अगं, शिट्टी का होत नाहीये?" वसंतराव बाहेरून म्हणाले. कुकरखाली गॅस पेटवलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आपा बाथरूमला गेल्यावर सुलक्षणाने शहनाझला हलक्या आवाजात सगळं सांगितलं. शहनाझने अंक बंदसुद्धा केला नाही.

"मेरेकू मालूम था."

"कधीपासून?"

"तीन-चार साल हो गए. पाच आदमी के पाच घर, और सब में सोफा एकीच. परदा बी वहीच." तिने मार्कर झटकला. "हर हफ्ते वहीच सोफा काला करना पडता, नजर नहीं आता क्या?"

"मग बोललीस का नाही?"

शहनाझने पुढची प्रत ओढून घेतली. मग म्हणाली, "तुम चुप हो जाते थे ना फिर. इत्ता लंबा दिन, क्या करती मैं?"

आता आपाला काय सांगायचं, हे शहनाझलाही सुचेना. खरं सांगावं तर आपाच्या हातात काहीच उरत नव्हतं. कुमुद नाहीच म्हटल्यावर घरी परतून सुखात राहिलेली एक तरी बाई तिला दाखवायची कुठून? आणि खोटं सांगावं, तर इतके दिवस सुलक्षणा जे सांगायची ते तिच्या स्वतःच्या लेखी खोटं नव्हतं. आज पहिल्यांदाच तिला जाणूनबुजून थाप मारायची होती, तीही अशा बाईला जी ती थाप पदराला बांधून विमानात बसणार होती.

आपाच्या शेवटच्या दिवशी नवा गठ्ठा आला नव्हता, जुन्याच प्रती उरकायच्या होत्या. आपाने तिघींसाठी थर्मासमध्ये बिनदुधाचा सुलेमानी चहा आणला होता. फोटोंच्या गोष्टीचं शेवटचं पान तिने समोर उघडून ठेवलं. एका बंगल्याच्या दारात कुमुद, बॅग खाली ठेवलेली, आणि एक पिकल्या कल्ल्यांचा माणूस तिला जवळ घेतोय. झाकायची चौकट हीच. आपाने मार्कर हातात घेतला होता, पण टोपण काढलं नव्हतं.

"हा कोण?"

"हा तिचा भाऊ," सुलक्षणा म्हणाली. "सख्खा. कुमुद आपल्या घरी आलीय. आता परत जायचं नाही."

"बरं. मग?"

"मग काय, सगळे जमलेत. भावजय आहे, मुलं आहेत. म्हणतात, आत्या आली."

"आणि मग?"

"मग चहा झाला. बसली ती."

"बसली का?" आपाने मान वर केली. "कुठे बसली? ओट्यापाशी?"

सुलक्षणाने तोंड उघडलं. नाही, एवढाच शब्द म्हणायचा होता. पण आपा तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि तो शब्द थाप होता. ज्या बाईने आठ वर्षं एकेका फोटोतून दहा-दहा नातेवाईक काढले, तिला एक शब्द बोलवेना. तिचे डोळे भरून आले, आणि ते आपाला दिसू नयेत म्हणून तिने पुठ्ठा शोधायचं निमित्त केलं.

"नहीं लगाते काम कू," शहनाझ म्हणाली.

दोघी तिच्याकडे बघायला लागल्या. आठ वर्षांत शहनाझने कुमुदबद्दल एक सरळ वाक्य उच्चारलं नव्हतं.

"ऊपर का कमरा दिए उसकू," शहनाझ पानावर बोट ठेवून सांगत होती. "ये खिडकी देखो, यहीच. भावज बोली, आपा, तुम थक गए, सो जाओ. वो सो गई. जोहर की अजान हुई, असर की हुई, किसी ने नहीं उठाया. बच्चे लोगां शोर करे तो भाई चिल्लाया, चुप, मेरी बहन सो रही."

"खाना?"

"ढांक के रखे हैं."

आपाने तो फोटो डोळ्यांजवळ नेला. वरच्या मजल्याला खरंच एक खिडकी होती. "लिहिलंय असं?" तिने सुलक्षणाला विचारलं.

"लिहिलंय," सुलक्षणा म्हणाली. "शर्वाणीने वाचून दाखवलं मला."

मग आपाने टोपण काढलं आणि ती चौकट काळी केली, नेहमीसारखी कडेकडेने आधी आणि मग मधली. खिडकी मात्र तिने वगळली. निघताना तिने दोघींच्या कपाळाचे मुके घेतले आणि उपेंद्रलासुद्धा खुदा हाफिज म्हणाली. तो बिचारा उगाच ट्रकवर ओरडायला लागला.

तीन आठवड्यांनी गोडाऊनच्या फोनवर आपा आली. आवाज दुरून, मागे भांड्यांचा खडखडाट. "पोचले गो," ती म्हणाली. "सगळं ठीक. भावजयीचं ऑपरेशन झालं, ती पलंगावर आहे. धाकटी माहेरी गेलीय." मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, कोणीतरी आत्या आत्या करून हाक मारली. "ठेवते आता. तांदळाच्या भाकऱ्या व्हायच्यात, दहा-बारा माणसं आहेत पंगतीला. कुमुद बरी आहे ना?"

"झोपलीय," सुलक्षणा म्हणाली. पण तोवर फोन तुटला होता.

त्या आठवड्याचा गठ्ठा दुपारी फुटला. सुलक्षणाने वरची प्रत घेऊन मागची पानं उघडली. कुमुद होतीच. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा झगा, वर ॲप्रन, आणि सिंकपाशी उभी, पाठ वळलेली, शेजारी खरकट्या बशांचा ढीग. कसलीही मिठी नाही, काही उघडं नाही. नियमाने झाकावं असं त्या चौकटीत काही नव्हतं.

शहनाझ वाकून बघत होती.

सुलक्षणाने पानाखाली पुठ्ठा सरकवला आणि ॲप्रनवरून मार्कर फिरवायला सुरुवात केली. मग सिंक, मग बशा, सगळी चौकट कोपऱ्यापर्यंत. दुसरी प्रत घेतली. तिसरी घेतली. शहनाझने गठ्ठ्याचा अर्धा भाग आपल्याकडे ओढला आणि तीही लागली. बऱ्याच प्रती झाल्या तेव्हा उपेंद्र आला, एक न झाकलेली प्रत उचलून त्याने उजेडात धरली आणि एकेका चौकटीवरून नजर फिरवली.

"सुलक्षणाबाई, बाई भांडी घासतेय. ह्यात झाकण्यासारखं काय आहे?"

"बघवत नाही," सुलक्षणा म्हणाली, आणि त्याच्या हातातली प्रत घेऊन पानाखाली पुठ्ठा सरकवला.